चौदा जानेवारीचा हिशेब

जानेवारी उजाडला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात. पहिली : यंदा संक्रांत चौदाला की पंधराला? दुसरी : यंदा संक्रांत अमुक रंगाचं वस्त्र नेसून आलीय, तो रंग अंगावर घालू नका. तिसरी : पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, म्हणून मराठीत ‘संक्रांत कोसळली’ असं म्हणतात. मराठवाड्यात एक चौथी गोष्टही फिरते, पण ती सगळ्या ग्रुपांवर येत नाही. निळ्या झेंड्यांच्या गर्दीतलं विद्यापीठाचं प्रवेशद्वार आणि खाली ‘नामविस्तार दिनाच्या शुभेच्छा’.

मी जालन्याचा. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. या धंद्यात डोकं सगळ्यात जास्त कोण खात असेल तर तारखा. लीप वर्ष, टाइमझोन, महिन्याचे शेवटचे दिवस, सगळ्यांचे नखरे वेगळे. त्यामुळे कुठलीही तारीख दिसली की ती कशावर टेकलीय हे तपासायची सवय लागते. चौदा जानेवारी ही अशीच तपासून पाहण्यासारखी तारीख आहे. तिच्यात आभाळाचं किती, रानाचं किती आणि माणसांचं किती, हा हिशेब मांडला की बऱ्याच गोष्टी जागच्या हलतात.

सूर्य नेमका कधी वळतो?

शाळेत आपण लिहिलेलं असतं : मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं. भूगोलाच्या पुस्तकात मात्र सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन उत्तरेकडे वळतो तो दिवस २१ किंवा २२ डिसेंबर. दोन्ही वाक्यं एकाच मुलाच्या वहीत असतात आणि त्यांच्यात तब्बल २४ दिवसांचं अंतर असतं.

हे अंतर आलं कुठून? पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते आणि भोवऱ्यासारखी डुलतेही. तिच्या आसाचा एक डुलता फेरा पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे सूर्य वळतो तो बिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर हळूहळू मागे सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. आपली पंचांगं राशी मोजतात ताऱ्यांवरून. ऋतू मात्र ताऱ्यांना विचारून येत नाहीत, ते सूर्याच्या वळणावर चालतात. आज या दोन मोजमापांत सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय. २४ गुणिले ७२ केलं की साधारण १,७०० वर्षं येतात. म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास मकर संक्रांत आणि उत्तरायण खरोखर एका दिवशी होते. त्यानंतर दोघांच्या वाटा फुटल्या.

यात कुणाला धक्का बसायचं कारण नाही, कारण हे आपल्याकडच्या लोकांना फार आधी दिसलेलं होतं. सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात राहणाऱ्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त लिहून ठेवलंय की जुन्या शास्त्रांनुसार उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या सुरुवातीला व्हायचं, आता ते मकरेच्या सुरुवातीला होतं. आणि शंका असेल तर सावली मोजून स्वतः पाहा, असंही तो सुचवतो. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस पोथीत लिहिलंय म्हणून गप्प बसला नाही. त्याने आपल्या काळाचं निरीक्षण प्रमाण मानलं. आपण मात्र त्याच्या काळाचं निरीक्षण आजवर जपून ठेवलं.

स्वातंत्र्यानंतर हा घोळ निस्तरायचा एक गंभीर प्रयत्न झाला. १९५२ मध्ये भारत सरकारने खगोलभौतिकीचे शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात पौष महिना सुरू होतो २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य वळला की लगेच. सरकारी राजपत्रावर ही तारीख आजही छापली जाते. तिळाचे लाडू मात्र तिच्यावर कुणी वळत नाही.

मराठी घरांतही एकमत आहे असं समजू नका. टिळक पंचांग मानणारी जी कुटुंबं आहेत, त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, कारण राशींची सुरुवात कुठून धरायची याचा त्यांचा आधार वेगळा. एकाच भाषेत, एकाच महिन्यात दोन संक्रांती.

आणि चौदा की पंधरा हे कोडं? संक्रांतीचा क्षण दर वर्षी साधारण सहा तास पुढे जातो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला परत मागे ओढतो. २०२४ मध्ये तो क्षण १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर आला, म्हणून सण १५ ला. २०२५ मध्ये तो सकाळी नऊच्या सुमारास आला, म्हणून १४ ला. पण ही ओढाताण पूर्ण फिटत नाही. थोडी बाकी राहते आणि ती बाकी साठून साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. ही बाकी लक्षात ठेवा, पानिपतला तिचं काम आहे.

आता एक जालन्याची गंमत. आपण म्हणतो, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. दिवस तर डिसेंबरपासूनच वाढायला लागलेला असतो. मग म्हण खोटी? जालन्यासाठी मी आकडेमोड करून पाहिली. २१ डिसेंबरला सूर्य सातला तीनेक मिनिटं कमी असताना उगवतो आणि सहाला आठेक मिनिटं कमी असताना मावळतो. १४ जानेवारीला सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर होतो, म्हणजे संध्याकाळ अर्धी घटका तरी लांबलेली असते. सकाळचं मात्र उलटंच. सूर्योदय आणखी उशिरा, सात वाजून चारेक मिनिटांनी. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि वेगात असते. त्यात तिचा आस कललेला. त्यामुळे या दिवसांत घड्याळाची दुपार रोज थोडी पुढे जाते आणि पहाटही तिच्यामागे फरफटते. आपल्या अक्षांशावर पहाट मागे फिरायला लागते ती जानेवारीच्या मध्यानंतर. उजाडायच्या आधी मोटर चालू करायला रानात जाणाऱ्याला विचाराल तर वळणाचा दिवस तो संक्रांतीच्या आसपासचाच सांगेल. आभाळाच्या हिशेबात जो सण २४ दिवस चुकलाय, तो पहाटेच्या हिशेबात बरोबर जागेवर आहे. तो तिथे ठरवून बसवलेला नाही, सरकत सरकत आला आणि जुळला.

रानातलं वळण

सण तारखेने टिकतो त्याहून जास्त ताटाने टिकतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीची भाजी ही कुणाच्या पाककृतीवरून आलेली नाही. जानेवारीच्या मध्यावर रानात जे उभं असतं ते सगळं एका पातेल्यात येतं : हिरवा हरभरा, वालाच्या शेंगा, वांगी, गाजर, बोरं, ओले शेंगदाणे, वर तिळाचं कूट. सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी. काही घरांत या भाजीला खेंगट म्हणतात, काहींत लेकुरवाळी. संक्रांतीच्या सुगडांतही तोच माल : हरभऱ्याचे घाटे, उसाचे कांडे, गव्हाच्या ओंब्या, बोरं. मातीचं एवढंसं मडकं म्हणजे त्या आठवड्यातल्या शेताचा नमुनाच. तीळ, गूळ आणि बाजरी अंगात ऊब धरतात आणि काळं कापड ऊन धरतं. एरवी अशुभ मानला जाणारा काळा रंग या एका सणाला चालतो, त्यामागे ही थंडी आहे.

जालन्यात याच दिवसांत आणखी एक वळण येतं, आणि ते पंचांगात नाही. मोसंबीचा आंबे बहार. नोव्हेंबर-डिसेंबरात शेतकरी बागेचं पाणी तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग डिसेंबर सरता सरता किंवा संक्रांतीच्या आगेमागे पहिलं पाणी सोडायचं. झाडाला वाटतं वाईट दिवस संपले, आणि ते फुलून येतं. जानेवारी-फेब्रुवारीत बागेशेजारून गाडीवर गेलात तर वासावरूनच कळतं. वसंत पंचमी कॅलेंडरवर कधीही असो, जालन्याच्या मोसंबी पट्ट्यात वसंत असा पाण्याच्या पाळीवर येतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीचं म्हणून. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, तेव्हा ताण द्यायची गरजच उरली नाही, कारण सोडायला पहिलं पाणीच नव्हतं. सूर्य त्या वर्षीही वेळेवर वळला होता.

रानही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. शाळूच्या जागी कापूस आणि सोयाबीन आलं. आगटी पेटवून बांधावर बसून खायचा हुरडा आता हायवेलगतच्या फलकावर माणशी दर लावून मिळतो. सुगडात टाकायला ओंब्या बाजारातून विकत आणतात. सण रानातून निघाला आणि आज रानच त्याच्यापासून लांब चाललंय. आभाळापासून तुटलेलं नातं आपल्याला जाणवलंही नाही. हे मात्र ताटात दिसतं.

परतूर ते पानिपत

आता तिसऱ्या मेसेजकडे वळू. पानिपतची तिसरी लढाई झाली बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी. आजची संक्रांत १४ ला, लढाई १४ ला, म्हणून लढाई संक्रांतीला. वरवर पाहता बरोबर. पण ती साठत जाणारी बाकी आठवा. २०२५ मधून १७६१ वजा केले की २६४ वर्षं. ७२ ने भागलं की साडेतीन दिवसांहून थोडं जास्त. जुन्या पंचांगांचं वर्ष आजच्या मोजमापापेक्षा तीनेक मिनिटांनी मोठं धरलेलं होतं, त्यामुळे अर्ध्या दिवसाहून थोडी भर. संक्रांत येते १० जानेवारी १७६१ ला. लढाईच्या दिवशी तिथी होती पौष शुद्ध अष्टमी आणि संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते.

हिशेबावर विश्वास नसेल तर मधला एक टप्पा तपासून पाहा. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. तारीख १२ जानेवारी १८६३. आपण ज्या तारखेला राष्ट्रीय युवा दिन साजरा करतो ती त्या काळची संक्रांत आहे. १७६१ ला १०, १८६३ ला १२, आज १४ किंवा १५. रेघ सरळ जाते.

मग संक्रांतीचं संकट ही नुसती दंतकथा? तसंही नाही. एक वर्ष मागे जा. १० जानेवारी १७६०. दिल्लीजवळ यमुनेच्या काठी, बुराडी घाटावर, दत्ताजी शिंदे अब्दाली आणि नजीबखानाच्या फौजेशी लढताना पडला. तो दिवस संक्रांतीचा होता, आणि आपला हिशेबही तेच सांगतो. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला दत्ताजीच्या तोंडचं ते शेवटचं उत्तर पाठ असतं, तारीख कुणाला आठवत नाही. संक्रांत खरोखर कोसळली ती त्या दिवशी. पुढे लोकांच्या आठवणीत दोन जानेवारी एकमेकांत मिसळले. मोठ्या पराभवाने लहान पराभव गिळला आणि त्याचा सणही घेतला. वाक्प्रचाराला तर पानिपतची गरजही नव्हती. संक्रांत कुठल्या दिशेने येते, कुठे पाहते, काय वापरते आणि त्याचं फळ वाईट काय, हे पंचांगात दर वर्षी लिहिलेलं असतंच.

या दोन जानेवारींच्या मधोमध आपला जिल्हा उभा आहे. दत्ताजीची बातमी दख्खनेत पोचली तेव्हा मराठी फौज उदगीरच्या लढाईतून नुकती मोकळी होत होती. फेब्रुवारी १७६० मध्ये तिथे निजामाचा पराभव झाला होता. त्यानंतर पेशवे आणि सरदार जमले परतूरला, इतिहासाच्या पुस्तकांत जे पटदूर नावाने येतं. उत्तरेत कोणाला पाठवायचं हे तिथे ठरलं. मार्च १७६० मध्ये सदाशिवराव भाऊ, विश्वासराव आणि इब्राहिमखान गारदीचा तोफखाना परतूरहून निघाला. आज परतूर हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, रेल्वेचं स्टेशन आहे. जालन्याहून नांदेडकडे जाताना गाडी तिथे थांबते, चहावाला येतो, गाडी सुटते. पानिपतची वाट इथून सुरू झाली हे सांगणारं फलाटावरून काही दिसत नाही.

पुढचं ठाऊक आहे. नोव्हेंबरपासून पानिपतला कोंडी, डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीत उपासमार. त्या वर्षीची संक्रांत, १० जानेवारी, ही छावणीतच गेली असणार. हजारो माणसं, त्यांत यात्रेकरू आणि बायकामुलंही, सण येऊन गेला आणि घरात तीळही नाही. चार दिवसांनी ते उपाशी पोटी लढायला बाहेर पडले. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली या गोष्टीपेक्षा मला हे चार दिवस जास्त अस्वस्थ करतात. योगायोगाची गोष्ट सांगितली की दोष ग्रहांवर जातो. तारीख नीट लावली की रसद, नियोजन आणि माणसांचे निर्णय दिसायला लागतात.

गोड बोला, पण कुणाशी?

चौथा मेसेज. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. १९५८ मध्ये औरंगाबादला सुरू झालेलं हे विद्यापीठ. त्याच शहरात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये कॉलेज काढलं होतं, जिथे मराठवाड्यातली दलित घरांतली पहिली पिढी पदवीपर्यंत पोचली. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे आणि जनार्दन मेवाडे यांचे खून झाले. ठराव बाजूला पडला. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह, तुरुंग, लाठ्या, पुन्हा मोर्चे. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे या तरुणाने स्वतःला जाळून घेतलं.

१४ जानेवारी १९९४ ला नाव बदललं. पूर्ण बदललं नाही, वाढवलं : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. म्हणून नामांतर नाही, नामविस्तार. ठराव केला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते, अंमल झाला तेव्हाही तेच होते. मधे ५,६५० दिवस गेले. सप्टेंबर १९९४ मध्ये नांदेडला दुसरं विद्यापीठ निघालं आणि नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडे गेली. जालना जुन्याच विद्यापीठात राहिला. जालन्यातल्या कॉलेजांतून बीए, बीएस्सी झालेल्या हजारो मुलांच्या पदवीवर जे नाव छापलेलं असतं, त्याची किंमत कुणी मोजली ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

त्या वर्षी संक्रांत १४ लाच होती. म्हणजे मराठवाड्यात त्या दिवशी एका वस्तीत वाण लुटलं जात होतं आणि दुसऱ्या वस्तीत गुलाल-फटाके नव्हे, तर आधी रडू फुटत होतं, असं त्या पिढीची माणसं सांगतात. आणि तिळगूळ देताना जे वाक्य आपण सवयीने म्हणतो, ते ज्या गावात वस्ती जळाली तिथे कुणी कुणाला म्हणायचं, हा प्रश्न आपण सणाच्या निबंधात कधी घेतला नाही.

सणाने बाहेर ठेवलेली माणसं आणखीही आहेत. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि ते चालतं सवाष्णींचं. नवरा गेलेली बाई त्या दिवसांत स्वतःच्या घरातही मागच्या खोलीत बसते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने हेरवाडचं उदाहरण पुढे ठेवून सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. आता काही ठिकाणी या बायकांना बोलावून हळदीकुंकू होतं. ठरावाने रीत एका दिवसात बदलत नाही, हे आपल्याला १९७८ ने शिकवलंय. पण ठराव होतो तेव्हा वळण सुरू होतं, हेही त्यानेच शिकवलं.

बाकी

हिशेब जमवून पाहू. चौदा जानेवारीला सूर्य वळत नाही, तो तीन आठवड्यांपूर्वीच वळलेला असतो. चौदा जानेवारीच्या लढाईला संक्रांत नव्हती, ती चार दिवस आधी येऊन गेली होती. या तारखेला मराठवाड्यात जे खरोखर वळलं ते माणसांनी वळवलं, त्यासाठी साडेपंधरा वर्षं रेटा लावून.

यापुढेही तारखा सरकणार आहेत. सन २१०० लीप वर्ष नाही, त्यामुळे त्यानंतर संक्रांत १५ किंवा १६ जानेवारीला यायला लागेल. आणखी काही हजार वर्षांनी ती उन्हाळ्याच्या तोंडाशी पोचेल, आणि तेव्हाची माणसं काळे कपडे घालून गूळ का खायचा हा प्रश्न विचारतील. तेव्हा काय करायचं ते त्यांना ठरवावं लागेल, वराहमिहिराने आपल्या काळात ठरवलं तसं. सूर्यावर टेकलेली तारीख सरकत राहते. नामविस्ताराची १४ जानेवारी मात्र कॅलेंडरवर तिथेच राहील, कारण ती कुठल्या राशीवर टेकलेली नाही. कुणाला तरी दर वर्षी ती आठवावी लागेल, एवढीच तिची अट आहे.